नापास विद्यार्थ्याने उभारलेली महाविद्यालये

श्रीरामपूरचे रावबहादूर नारायणराव बोरावके महाविद्यालय १९६० साली सुरू झाले, तेव्हा ज्या संस्थेने ते सुरू केले त्या रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या निधनाला जेमतेम एक वर्ष झाले होते. या महाविद्यालयाच्या वर्गात त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. तरीही दरवर्षी २२ सप्टेंबरला त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात, वटवृक्षाची उपमा दिली जाते आणि दुसऱ्या दिवशी तास नेहमीप्रमाणे सुरू होतात. जयंतीच्या भाषणांत जो भाऊराव भेटतो तो बहुधा पुतळ्यासारखा असतो, शांत आणि सर्वांना सोयीचा. प्रत्यक्षातला माणूस तसा नव्हता. महाविद्यालय म्हणजे काय, तेथे मुलांनी आणि प्राध्यापकांनी कसे राहावे, याविषयी त्याची मते ठाम होती आणि ती आजच्या बहुतेक महाविद्यालयांना अडचणीत आणणारी आहेत. म्हणून हार बाजूला ठेवून ते चरित्र एकदा नीट पाहिले पाहिजे.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी झाला. घराणे जैन शेतकऱ्यांचे, मूळचे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील सरकारी नोकरीत होते. त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाच्या शाळाही बदलत गेल्या. अभ्यासात मन कमी, तालमीत आणि मित्रांत जास्त. पुढे माध्यमिक शिक्षणासाठी त्यांना कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात पाठविण्यात आले आणि राहण्याची सोय जैन बोर्डिंगात झाली.

कोल्हापुरात त्या काळी शाहू महाराज एकेका जातीसाठी वसतिगृहे काढीत होते. शिकायचे असेल तर खेड्यातल्या मुलाला शहरात डोके टेकायला छप्पर आणि दोन वेळचे अन्न हवे, शाळा त्यानंतर, हे महाराजांनी ओळखले होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तरुण भाऊराव गेले. परत आल्यावर बोर्डिंगच्या नियमाप्रमाणे त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे, असे सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही. बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांना काढून टाकले. लठ्ठे काही सामान्य गृहस्थ नव्हते. विद्वान होते, सुधारकही होते, पण संस्थेचा नियम त्यांना मोडवला नाही. मुलाला आसरा मिळाला तो थेट शाहू महाराजांकडे. पुढे भाऊरावांनी जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसत, याचे मूळ शोधायचे तर ते या एका न केलेल्या स्नानात शोधावे लागेल.

महाराजांच्या छायेतही गणित काही साधेना. या संबंधात कोल्हापुरात एक कथा सांगतात. महाराजांनी शब्द टाकला की या मुलाला वरच्या वर्गात घ्यावे. तेव्हा गणिताच्या मास्तरांनी बाणेदारपणे कळविले, की ज्या बाकावर भाऊराव बसतो तो बाक वरच्या वर्गात पाठवीन, भाऊरावाला पाठविणार नाही. महाराजांनीही मास्तरांचा राग धरला नाही. कथेत थोडे मीठमसाला असेल. पण भाऊरावांची शाळा मॅट्रिकपूर्वीच संपली, ही गोष्ट खरी. ज्याच्या नावावर एकही परीक्षा नाही अशा माणसाने पुढे हायस्कुले, अध्यापक विद्यालये आणि महाविद्यालये काढली, यात विरोधाभास आहे असे आपल्याला वाटते. त्यांना तसे वाटले नसावे. शाळेत नापास झालेल्या माणसालाच कदाचित अधिक चांगले दिसते की मुलाला शाळेबाहेर फेकणाऱ्या गोष्टींपैकी फारच थोड्या पुस्तकात असतात.

१९१४ चे डांबर प्रकरण त्यांच्या स्वभावाची दुसरी खूण देते. कोल्हापुरात राजघराण्याच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले आणि संशयाचे बोट अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे वळविण्यात आले. लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्यांनी आपल्याला वसतिगृहातून काढले त्यांच्यावर सूड घेण्याची संधी आयती चालून आली होती. त्यांनी खोटी साक्ष दिली नाही. अटक सोसली, छळ सोसला, जिवावर उदार होण्यापर्यंत पाळी आली, पण शब्द फिरविला नाही. सुटल्यावर कोल्हापूर सुटले.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी विक्रेत्याचा व्यवसाय केला, आणि चरित्रकार ज्यावरून घाईने पुढे जातात तो हाच काळ मला महत्त्वाचा वाटतो. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आणि ओगल्यांचे कंदील घेऊन ते सातारा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून हिंडले. शेतकऱ्याला लोखंडी नांगर विकणे तेव्हा सोपे नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पटवून द्यायला बांधावर बसावे लागे, रात्री ओसरीवर मुक्काम करावा लागे. या मुक्कामांत त्यांना दिसले की हुशार मुले गावोगाव आहेत आणि चौथीनंतर ती गुरांमागे जातात. नांगर विकता विकता शाळेचा विचार पक्का झाला. पुढे साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला आणि मतभेदाने तुटला. व्यवहार त्यांना कळत होता. व्यापार मात्र त्यांना धरून ठेवू शकला नाही.

सत्यशोधक चळवळीशी त्यांचे नाते घट्ट होते. कऱ्हाडजवळच्या काले या गावी भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या निमित्ताने ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. रयत म्हणजे प्रजा, कष्टकरी शेतकरी समाज. नावातच सगळे आले. १९२४ साली संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. महार, मांग, मराठा, मुसलमान, ब्राह्मण, जैन, रामोशी अशी सगळी मुले एका छपराखाली. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

या वसतिगृहाचा दिवस कसा जाई, हे समजल्याशिवाय पुढची महाविद्यालये समजत नाहीत. मुले पहाटे उठत. दळण, पाणी, झाडलोट, स्वयंपाक, भांडी, गुरे, शेत ही सगळी कामे पाळीपाळीने वाटलेली असत. नोकर ठेवायला पैसा नव्हता ही गोष्ट खरीच, पण पैसा असता तरी भाऊरावांनी नोकर ठेवले नसते. जो भाकरी थापतो त्याची जात इतरांना विसरावी लागते, कारण भूक लागलेली असते. व्याख्यानाने अस्पृश्यता जाते की नाही यावर त्या काळी पुष्कळ चर्चा होत होती; साताऱ्याला तो प्रश्न पिठाच्या परातीत सुटला. धान्य गावोगाव मूठमूठ मागून जमविले जाई. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन उभे राहण्यात भाऊरावांना कमीपणा वाटत नसे. पांढरी दाढी, खादीचे जाडेभरडे कपडे, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी, असा हा माणूस दारात उभा राहिला की रिकाम्या हाती पाठविणे कठीण जाई.

आणि लक्ष्मीबाई. त्या कुंभोजच्या, सुखवस्तू आणि सोवळे कडक पाळणाऱ्या जैन घरात वाढलेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात एकाएकी सगळ्या जातींची मुले येऊन बसली. हे त्यांना पहिल्या दिवसापासून सहज जमले असे मानणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय करणे होय. जमले ते हळूहळू, स्वतःशी झगडून. अंगावरचे दागिने एकामागून एक मुलांच्या अन्नासाठी गेले. भाऊराव दौऱ्यावर असताना एकदा कोठारात दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. त्यांच्या पश्चात जी संस्था वाढली तिचे भांडवल काय, असे कोणी विचारले तर हिशेबाच्या वहीत पहिली नोंद त्या सोन्याची करावी लागेल. आपल्याकडे संस्थापकाच्या नावापुढे पदव्या लागतात आणि त्याच्या पत्नीच्या वाट्याला त्याग हा एक शब्द येतो. हा शब्द तिला विचारून कोणी वापरलेला नसतो.

पुणे कराराच्या वर्षी, म्हणजे १९३२ साली, पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. १९३५ साली साताऱ्यास अध्यापकांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. तेच पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चालले. शाळा काढायच्या तर शिक्षक खेड्यातून आलेला, खेड्यात राहायला तयार असलेला हवा, हे त्यामागचे सूत्र. प्रांतिक स्वायत्ततेनंतर जेथे सरकारी शाळा पोचल्या नव्हत्या तेथे संस्थेने शेकडो व्हॉलंटरी शाळा काढल्या. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आले. हा सगळा विस्तार थक्क करणारा आहे, पण त्याच्या याद्या संस्थेच्या अहवालांत पुष्कळ ठिकाणी मिळतात. येथे त्यात शिरत नाही.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. तोवर पदवीचे शिक्षण म्हणजे पुणे, मुंबई, फार तर कोल्हापूर किंवा सांगली. कॉलेज म्हणजे फी, खोलीभाडे, खानावळ, बूट आणि कोट. भाऊरावांनी हे सगळेच वजा केले. मुलाने फीऐवजी श्रम द्यावेत, शेतात आणि बांधकामावर राबावे आणि उरलेल्या वेळात शेक्सपिअर किंवा अर्थशास्त्र वाचावे, अशी ही योजना होती. कमवा आणि शिका हे शब्द आज महाराष्ट्राच्या तोंडी बसले आहेत, त्यांचे घर हे.

ही कल्पना जगात एकटी नव्हती. अमेरिकेत केंटकी राज्यात बेरिया नावाचे एक लहान कॉलेज आहे. १८५५ साली गुलामगिरीच्या प्रदेशात गुलामगिरीच्या विरोधकांनी त्याचा पाया घातला. तेथे आजही शिकवणीची फी घेत नाहीत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला काम करावे लागते, मग तो कोणत्याही शाखेचा असो. काळ्या-गोऱ्यांनी एका वर्गात शिकण्याची तेथील रीत १९०४ साली कायदा करून बंद पाडण्यात आली आणि ती पुन्हा सुरू व्हायला जवळजवळ अर्धे शतक लागले. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कीगीच्या संस्थेत विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून इमारती उभारल्या. आपल्याकडे १८८५ साली निघालेल्या फर्ग्युसन कॉलेजातही त्यागाची एक परंपरा होती; आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची शपथ घेत. पण तेथला त्याग प्राध्यापकांचा होता. मुलगा मात्र मध्यमवर्गीय घरातून येई, फी भरी आणि व्याख्यान ऐकून परत जाई. भाऊरावांनी त्यागाची ही कल्पना दोन्ही बाजूंना लावली. प्राध्यापकाने मुलांजवळ राहावे, त्यांचे जेवण काय आहे हे त्याला ठाऊक असावे. आणि मुलाने कुदळ धरलेल्या हाताने पुस्तक उघडावे. त्यांच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन परत आले आणि याच कॉलेजच्या प्राचार्यपदावर बसले. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्याला विलायतेची वाट मोकळी झाली आहे त्याने साताऱ्यास परतावे, ही अपेक्षा आज भाबडी वाटेल. तेव्हा ती पुरी होत होती.

या कॉलेजाच्या नावाविषयीही एक कथा आहे. कोणा धनिकाने मोठी रक्कम देऊ केली, अट एवढीच की शिवाजी महाराजांऐवजी त्याचे नाव द्यावे. भाऊरावांनी उत्तर दिले ते असे, की प्रसंगी स्वतःच्या वडिलांचे नाव बदलीन, हे नाव बदलणार नाही. याचा अर्थ ते देणगीदारांच्या नावांच्या विरुद्ध होते असा नव्हे. सयाजीराव हायस्कूल आहेच. १९५४ साली कऱ्हाडला दुसरे महाविद्यालय निघाले तेव्हा त्याला नाव दिले सद्गुरू गाडगे महाराजांचे. महाराज तेव्हा हयात होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या संताचे नाव पदवी देणाऱ्या वास्तूवर कोरायला नापास झालेला संस्थापकच हवा होता.

त्यांचे दोषही होते आणि ते लपवून चरित्र मोठे होत नाही. राग अनावर होई. शिस्त कठोर होती; मुलांना आणि सहकाऱ्यांना त्याचा प्रसाद मिळे. संस्था आणि आपण यांत अंतर राखणे त्यांना अवघड जाई. गांधीहत्येनंतर त्यांनी गांधीजींच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. त्याच सुमारास सरकारवर केलेल्या टीकेने बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाचा रोष ओढवून घेतला आणि संस्थेचे अनुदान थांबले. शिक्षकांचे पगार अडले. लोकांनी वर्गण्या दिल्या, मध्यस्थांनी खटपट केली, अखेर अनुदान पुन्हा सुरू झाले. जीभ आवरली असती तर हे टळले असते, असे तेव्हाही पुष्कळांनी म्हटले. मला ते पटत नाही. पण अनुदानावर चालणाऱ्या संस्थेच्या चालकाने किती बोलावे, हा प्रश्न त्या घटनेने जो उभा केला तो अजून तेथेच उभा आहे, आणि आजचे चालक त्याचे उत्तर बहुधा गप्प राहून देतात.

आता श्रीरामपूरकडे येऊ. हे गाव जुने नाही. दौंड-मनमाड लोहमार्गावरचे बेलापूर रोड म्हणून ते वाढले. भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून उतरले, ऊस आला, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आला, सासवडकडचे माळी बागाईतदार आले. ज्यांचे नाव या महाविद्यालयाला आहे ते रावबहादूर नारायणराव बोरावके याच बागाईतदारांपैकी. कालव्याने एका बाजूला बागाईतदार निर्माण केला, तर दुसऱ्या बाजूला कारखान्याचा मजूर, ऊसतोडणी कामगार आणि कंपनीला जमीन देऊन बसलेला खंडकरी. या सर्वांची मुले एका वर्गात बसविणारी जागा गावात एकच असू शकत होती. १९६० साली, महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, ती जागा झाली. त्या सुमारास यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांची फी माफ केली. भाऊरावांनी श्रमाच्या बळावर जे काही मुलांपुरते केले होते, ते शासनाने तिजोरीच्या बळावर पुष्कळांसाठी केले.

यात लाभ मोठा झाला, हे निःसंशय. तालुक्यातले किती शिक्षक, कारकून, वकील, सहकारी संस्थांचे सचिव त्या वर्गांतून बाहेर पडले, याची मोजदाद करायची गरज नाही; या लेखाच्या वाचकांतही ते असतील. पण फी माफ झाली तसे श्रमही माफ झाले. कमवा आणि शिका ही आता विद्यापीठाची योजना आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने तिला कर्मवीरांचेच नाव दिले आहे. गरजू विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत ठरावीक तास काम करतो आणि तासाप्रमाणे मोबदला घेतो. चांगली योजना आहे, अनेकांचे शिक्षण तिच्यामुळे तरले. मात्र साताऱ्याच्या वसतिगृहात झाडू सगळ्यांच्या हाती होता. ज्याचा बाप धान्य पाठवू शकत होता त्याच्याही. आज झाडू फक्त गरिबाच्या हाती आहे आणि ऐपतीचा मुलगा त्याच्या शेजारून मोटारसायकल चालवीत जातो. ज्या गोष्टीने जात आणि ऐपत विसरायला लावायची, तीच गोष्ट कोण गरीब आहे हे दाखवू लागली. यात वाईट हेतू कोणाचा नाही. कर्मवीरांच्या नावाखाली हे चालते, एवढेच टोचते.

प्राध्यापकांचेही तसेच. मुलांजवळ राहणारा प्राध्यापक आता लहान गावात विरळा. याचा दोष त्यांना देणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. वर्षानुवर्षे भरती रखडली. मंजूर पदे रिकामी आणि तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण तुटपुंज्या मानधनावर दोन-दोन महाविद्यालयांत धावाधाव करीत आहेत. पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने मुलांबरोबर जेवावे, त्यांची घरे ओळखावीत, संध्याकाळी वसतिगृहात चक्कर मारावी, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? भाऊरावांनी शिक्षकांकडून त्याग मागितला, पण त्यांना कायमचे घर दिले. संस्था हेच ते घर. आज त्याग मागितला जातो आणि घर दिले जात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने क्षेत्रकार्य आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना श्रेयांक दिले आहेत. कागदावर ही कल्पना साताऱ्याच्या मळ्यापासून फार दूर नाही. ती अमलात आणणारा प्राध्यापक वर्गात असावा लागेल.

कला शाखेच्या वर्गात मुले कमी होत चालली आहेत, अशी तक्रार लहान गावांतून ऐकू येते. इतिहास आणि मराठी शिकून काय करणार, हा प्रश्न पालक विचारतात आणि त्यांचा तो अधिकार आहे. खतांचे भाव आणि मुलीच्या फॉर्मची फी यांचा मेळ घालणाऱ्या पालकाला उदार शिक्षणाचे महत्त्व सांगत बसणे हा उपाय नव्हे. साताऱ्यातली मुले दुपारी मातीत राबत आणि रात्री इंग्रजी कविता पाठ करीत. तिचा उपयोग काय, असे त्यांना कोणी विचारले नाही, कारण पोटाची सोय मळा करीत होता. पोटाचा प्रश्न आधी सोडविल्यावर मुलगा इतिहास निर्धास्तपणे वाचू शकतो. ही व्यवहारी दृष्टी त्या नांगर विकणाऱ्याची होती, आणि आज लहान महाविद्यालयाला हवी आहे ती हीच. वसतिगृह स्वस्त ठेवा, सगळ्यांना काम द्या, प्राध्यापक कायम नेमा. यातले पहिले दोन निर्णय संस्था स्वतः घेऊ शकते. तिसऱ्यासाठी शासनाशी भांडावे लागेल, आणि भांडणाची परंपरा रयत संस्थेला नवी नाही.

१९५९ साल उजाडले तेव्हा भाऊराव थकले होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. गणितात अडलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे लागलेली ही पहिली आणि शेवटची पदवी. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ९ मे १९५९ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. देह साताऱ्यास नेण्यात आला. तेथेच, संस्थेच्या आवारात, त्यांची समाधी आहे. पुढच्याच वर्षी श्रीरामपुरात महाविद्यालयाचे वर्ग भरू लागले आणि आजूबाजूच्या खेड्यांतली मुले प्रवेशासाठी येऊ लागली.